मदत हवी आहे: वेग न घटवता जहाजाचा सीआयआय (कार्बन उत्सर्जनाची वार्षिक श्रेणी, 'ए' ते 'ई') 'डी'वरून 'सी'वर कसा आणायचा?

जहाज 57,000 डीडब्ल्यूटीचं (टनांतली वहनक्षमता) सुप्रामॅक्स (मध्यम आकाराचं सुट्या मालाचं जहाज), इंडोनेशिया ते भारताचा पश्चिम किनारा, कोळसा. एईआर (वहनक्षमतेच्या दर टनामागे दर सागरी मैलाला किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड) 5.1 येतोय. 2026 ची मर्यादा (2019 च्या संदर्भरेषेपेक्षा 11% खाली) साधारण 4.65, आणि 'सी'ची वरची कड 4.93. म्हणजे साधारण साडेतीन टक्के कपात हवी.

खरं दुखणं नांगरावर, म्हणजे बंदराबाहेर थांबून राहण्यात आहे. तिथे जनरेटर-बॉयलरला रोज 3 टन जातं. 30 दिवसांचे 90 टन, गुणिले 3.114, म्हणजे 280 टन कार्बन डायऑक्साइड, आणि छेदात एकही मैल वाढत नाही! वर कोमट पाण्यात तळाला शेवाळ-शंख चढतात ते वेगळंच.

13 ऐवजी 12 नॉट धरले तर मैलामागे इंधन 15% च्या आसपास उतरतं, प्रश्नच मिटला. पण भाडं चढं असलं की चार्टररला (जहाज भाड्याने घेणाऱ्याला) वेग हवा असतो आणि बिमकोचं (आंतरराष्ट्रीय जहाजवाहतूक संघटनेचं) 2022 चं सीआयआय कलम करारात घ्यायला तो तयार नसतो.

विचारायचं ते असं:

प्रोपेलर पॉलिशिंग आणि बॉस कॅप फिन्स (प्रोपेलरच्या मधल्या टोपीवरचे छोटे पंख) यांतून सुप्रामॅक्सवर प्रत्यक्ष किती टक्के मिळाले? चाचणीतले नकोत, नून रिपोर्टमधले (जहाजाच्या रोजच्या दुपारच्या अहवालातले) सांगा.

बी24 (24% जैवइंधन मिसळलेलं इंधन) घेतलंय का कुणी? टाकीत पाणी साचून जंतू वाढणं, फिल्टर तुंबणं कसं टाळलंत?

जहाजांच्या उत्सर्जनाबाबतच्या नेट-झिरो आराखड्याचा निर्णय आयएमओने (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने) ऑक्टोबर 2025 मध्ये वर्षभर पुढे ढकलला, त्यामुळे मालक मोठ्या खर्चाला हात आखडता घेतोय. ड्राय-डॉकशिवाय (जहाज पाण्याबाहेर न काढता) होणारे उपायच सुचवा.