कुकरमधला केक आणि वर कुंदा

ताई, रव्याचा बिनअंड्याचा केक कुकरमध्ये फुगतो आणि मग मधोमध बसतो, असं तुम्ही लिहिलंय. रवा दह्यात अर्धा तास भिजू द्या, पण सोडा अगदी शेवटी घाला. दह्याच्या आंबटपणाने सोड्याचा वायू लगेच सुटतो. मिश्रण तसंच ठेवलं तर केक भाजायच्या आधीच तो वायू निघून जातो. कुकरची रिंग, शिट्टी काढा, तळाला मीठ पसरा, पाणी अजिबात नको. पहिली 30 मिनिटं झाकण उघडू नका.

आमच्या बेळगावात गणपतीला पाहुणे जमले की मी केकवर क्रीमऐवजी कुंदा, ही आमच्याकडची मिठाई, पसरते. खव्याचा तो खरपूस, तपकिरी थर! मुलं बोटं चाटतात. केक पूर्ण गार होऊ द्या मात्र, आणि त्यात साखर पाव वाटी कमीच घाला, कुंदा मुळातच गोड असतो.