दिवाणखान्यातील जुन्या सागवानी पॅनेलिंगवर रंग द्यावा काय?

कोथरूडकर:
वडिलांनी 1988 साली आमच्या दिवाणखान्याच्या दोन भिंतींना छतापर्यंत सागवानी व्हिनियरचे (वर सागाचा पातळ थर चिकटवलेले) प्लाय ठोकून घेतले होते. त्या काळी ते ऐटीचे वाटे. आता पॉलिश इतके काळवंडले आहे की, उत्तरेची एकच खिडकी असलेल्या त्या खोलीत भर दुपारीही दिवा लावावा लागतो. पॅनेल काढण्यास आईचा ठाम नकार आहे, रंगाला मात्र तिने कशीबशी संमती दिली आहे. रंगारी म्हणतात, खाचा पुट्टीने बुजवून, वरून थेट प्रायमर आणि पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन हात देऊ. शेजारच्या इमारतीत असेच केलेल्या पॅनेलवर वर्षभरात तपकिरी डाग उमटले आणि पापुद्रेही सुटले. तिथे काय चुकले असेल?

रंधा:
ताई, हे दोन वेगळे दोष आहेत. डाग सागातील टॅनिनचे, म्हणजे लाकडातल्या नैसर्गिक तपकिरी द्रव्याचे असतात. पाण्यात मिसळणाऱ्या प्रायमरमधून ते वर झिरपते आणि रंगाचे कितीही हात दिले तरी डोके काढते. पापुद्रे सुटतात ते गुळगुळीत पॉलिशला किंवा त्यावर साचलेल्या मेणाला रंग धरत नाही म्हणून.

आधी कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा मिनिटभर दाबून ठेवा. पृष्ठभाग चिकट होऊन बोळा तपकिरी झाला, तर ते लाखेचे फ्रेंच पॉलिश आहे. काहीच झाले नाही, तर बहुधा मेलामाइन, म्हणजे कडक कृत्रिम पॉलिश असावे, आणि ते अधिक कसोशीने घासावे लागते. घासण्यापूर्वी टर्पेंटाइनच्या फडक्याने मेण व तेलकटपणा काढून घ्यावा, कारण तसेच घासल्यास मेण पेपरबरोबर सर्वत्र पसरते. मग 180 आणि 220 नंबरचा पेपर हातानेच, रेषांच्या दिशेने फिरवावा. व्हिनियर जेमतेम अर्धा मिलिमीटर असते, त्यामुळे यंत्र लावू देऊ नका. त्यावर डाग रोखणाऱ्या सॉल्व्हंटच्या प्रायमरचे दोन हात द्यावेत.

खाचा मात्र बुजवू नका. पावसाळ्यात प्लाय फुगतो, उन्हाळ्यात आकसतो आणि पुट्टीला नेमकी त्याच ओळींत भेग पडते. शिवाय सिमेंटची पुट्टी लाकडासाठी नसतेच. पांढरा ऑइल पेंट अंधाऱ्या खोलीत पिवळा पडतो, म्हणून प्रायमरवर पाण्याचा ॲक्रिलिक इनॅमल घेणे बरे. दरवाज्यांच्या चौकटींवर जुना ऑइल पेंट असेल, तर तो कोरडा घासू देऊ नका, त्याच्या धुळीत विषारी शिसे असू शकते: घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची (दहा लाखांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017 पासूनच लागू झाली आहे.

पाचवा मजला:
वरील सारे मान्य. परंतु रंगाआधी पॅनेलमागे काय आहे, ते पाहावे. पुष्कळ घरांत पॅनेलिंग मुळात ओल झाकण्यासाठीच केलेले असते. आमच्याकडे न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर रंग दिला आणि पहिल्याच पावसाळ्यात फोड आले. खालची फळी काढली, तर मागच्या रीपा वाळवीने पोखरलेल्या निघाल्या. बोटांनी ठोकून पाहा. इतरत्र टणक आणि एखाद्याच जागी भदभद आवाज आला, तर तेवढी फळी उघडा.

जुन्या घरातला:
माझा सल्ला रंग न देण्याचा आहे. सागाचा काळेपणा बव्हंशी जुन्या पॉलिशचा आणि त्यात मिसळलेल्या रंगाचा असतो, लाकडाचा नव्हे. लाखेचे पॉलिश असेल, तर स्पिरिटने ते उतरते आणि खालचा साग मधाळ निघतो; त्यावर मॅट पारदर्शक थर पुरतो. रंग दिल्यावर पुन्हा लाकूड दिसावे असे वाटले, तर तेवढ्या पातळ व्हिनियरवरून तो उतरवणे जवळजवळ अशक्य असते.

कोथरूडकर:
सर्वांचे आभार. बोळा तपकिरी आणि चिकट झाला, म्हणजे फ्रेंच पॉलिशच आहे. सोफ्यामागे हातभर जागी मात्र आवाज पोकळ येतो, म्हणून शनिवारी सुतार ती फळी उघडणार आहे. एका फुटाचा तुकडा स्पिरिटने उतरवून आईला दाखवला. बराच वेळ पाहून ती म्हणाली की, लावला तेव्हा साग असाच होता. त्यामुळे दारासमोरची भिंत उजळ करून लाकडाचीच ठेवायची आणि खिडकीसमोरच्या भिंतीला तेवढा रंग द्यायचा, असे ठरले आहे. काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावरच काढू.