तळणीचं उरलेलं तेल: तुमच्या घरी काय करता?

दिवाळीचं तळण उरकलं की प्रत्येक घरात कढईभर तेल उरतं. ते टाकवत नाही, आणि पुन्हा वापरताना मनात पाल चुकचुकते. तेलाचे भाव बघता लिटरभर तेल ओतून देणं कुणाला परवडणार? पण जळकट वासाच्या तेलात फोडणी करून घरच्यांना जेवू घालणंही पटत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा सल्ला असा की तळणीचं तेल शक्यतो पुन्हा वापरू नये, वापरलंच तर तीन वेळांच्या पुढे नको.

पण ‘एक वेळ’ म्हणजे नेमकं काय? पाच जणांच्या पुऱ्या ही एक वेळ, आणि सकाळपासून दुपारपर्यंत चाललेल्या चकल्या हीसुद्धा एकच वेळ? माझं मत आधीच सांगते. तेल कितीदा तापलं यापेक्षा त्यात काय तळलं, ते किती वेळ आचेवर होतं आणि नंतर कसं ठेवलं हे बघावं. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे तेल उरणारच नाही अशी कढई निवडावी: लहान, खोलगट, जाड बुडाची. चार घाणे जास्त काढावे लागतात, पण शेवटी वाटीभरच तेल राहतं आणि ते दोन दिवसांच्या भाजी-आमटीत संपतं.

तुमच्याकडची पद्धत लिहा. बारीकसारीक तपशिलांसकट लिहा, त्यांचाच उपयोग होतो.

सोलापूर

आमच्याकडे फराळाचा क्रम सासूबाईंनी घालून दिलाय. आधी शंकरपाळी आणि करंज्या, मग चकली, शेव सगळ्यात शेवटी. चकलीतले तीळ-ओवा तेलात सुटतात, तळाशी जाऊन जळतात, आणि तिखट-हळदीचा रंगही उतरतो. त्यानंतर त्या तेलात गोड काही तळता येत नाही. अनारसे या रांगेत नाहीतच. खसखस सुटते म्हणून त्यांना वेगळी लहान कढई आणि तूप.

दोन घाण्यांच्या मध्ये बारीक जाळीच्या गाळण्यानं तळाचे कण काढायचेच. कंटाळा केला तर तेच कण पुढच्या घाण्याला काळे ठिपके होऊन चिकटतात. सगळं झालं की तेल कोमट होऊ द्यायचं, जुन्या धुतलेल्या सुती कापडातून गाळायचं. अगदी खालचं बोटभर गाळासकट टाकून द्यायचं, त्याचा मोह धरायचा नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, तोही तेल गळ्यापर्यंत येईल इतकाच मोठा. वर कागदाची पट्टी: काय तळलं, कोणत्या तारखेला. ही पट्टी सासूबाईंच्या काळापासूनची आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची.

परभणी

मी अन्नतंत्रज्ञान शिकवते, त्यामुळे वरच्या पद्धतीमागचं कारण थोडं सांगते.

तळताना तेलावर तिन्ही बाजूंनी मारा होतो. पदार्थातलं पाणी तेलाचे रेणू फोडतं आणि मोकळी आम्लं तयार होतात. म्हणून जुनं तेल नव्यापेक्षा कमी तापमानाला धुरायला लागतं. हवेतला ऑक्सिजन त्याला खवट करतो. आणि उष्णतेनं रेणू एकमेकांना जोडले जाऊन तेल दाट, चिकट होतं. कढईच्या काठावर जो पिवळा-तपकिरी चिकट थर बसतो, घासूनही निघत नाही, तो यातलाच.

या सगळ्या बिघाडाचं एकत्र माप म्हणजे टोटल पोलर कंपाउंड्स. आपल्याकडे १ जुलै २०१८ पासून त्याची मर्यादा २५ टक्के आहे. त्यापुढचं तेल अन्नासाठी वापरायचं नाही. हे मोजायचं यंत्र घरी नसतं, पण डोळे-नाक असतात. तळताना येणारा फेस मोडत नाही, तेल काकवीसारखं दाट ओघळतं, धूर लवकर येतो आणि घशाला-डोळ्यांना झोंबतो. यातलं एक जरी दिसलं तरी ते तेल गेलं. झोंबणारा वास ॲक्रोलीन नावाच्या पदार्थाचा असतो.

बाकी थोडक्यात. तळणीला १७० ते १८० अंश पुरतात, धूर येईपर्यंत तापवू नका. मीठ वरून घाला, कढईवर धरून नाही. भज्यांत सोडा घातला की तेल लवकर काळवंडतं आणि फेसाळतं. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात तेल ठेवू नका, तांब्याचा अंश तेल फार लवकर खवट करतो. गॅसशेजारच्या फडताळात किंवा खिडकीत उजेडात पारदर्शक बाटली ठेवणंही तसंच. आणि जुन्या तेलात नवं ओतून ‘सारखं’ करू नका, त्यानं जुनं सुधारत नाही, नवं मात्र लवकर बिघडतं.

रत्नागिरी

मासे तळलेलं तेल ही स्वतंत्र जात आहे. ते पुऱ्यांच्या तेलात मिसळायचं नाही, त्या गाळण्यानंही गाळायचं नाही. बोंबील पिळून, दाबून पाणी काढलं नाही तर तेल एका घाण्यात खलास होतं. तांदळाच्या पिठात घोळवताना जादा पीठ झटकून टाकायचं. आम्ही हल्ली कढईत सोडणं जवळपास बंद केलंय. बीडाच्या तव्यावर चार चमचे तेल, मध्यम आच, कडेनं थेंब थेंब सोडत राहायचं. सुरमई-पापलेटाला याहून जास्त लागतच नाही. तव्यावर उरलेल्या तेलातच त्याच दिवशी कांदा परतून सुकटीची चटणी होते. दुसऱ्या दिवसासाठी काही ठेवायचंच नाही.

एक विचारायचं होतं. बटाट्याची चकती तळली की तेलाचा वास जातो म्हणतात, खरं का?

(धागा चालवणारी)

माझा अनुभव असा की बटाट्याला बारीक कण चिकटतात, वास थोडा हलका होतो, तेल दिसायला स्वच्छ होतं. पण माशांचा वास पूर्ण जात नाही. परभणीच्या ताईंनी सांगितलेला बिघाड तर तसाच राहतो, कारण फुटलेला रेणू बटाट्यानं जोडला जात नाही. पुऱ्यांच्या तेलाला जरा ताजेपणा आणायला बटाटा चालेल, काळ्या तेलाला नाही.

लातूर

आमच्या भागात करडईचं तेल. चवीला आणि फोडणीला त्याच्यासारखं नाही, पण तळून ठेवायला अजिबात नको. दोन-तीन दिवसांत डब्याचं झाकण चिकट होतं. तळणीपुरतं शेंगदाण्याचं आणतो, रोजच्या स्वयंपाकाला करडईच.

परभणी

अगदी बरोबर करता. नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल ७० टक्क्यांहून जास्त असतं आणि ते ऑक्सिजन पटकन घेतं. शेंगदाण्याच्या तेलात ओलिक आम्ल जास्त, म्हणून ते आचेवर जास्त टिकतं. घाणीचं गाळयुक्त तेल असेल तर मात्र ते कुठलंही असो, जोरात तापवलं की फेसाळतं.

पुणे

माझी खानावळ आहे, दोन वेळचे डबे आणि सणासुदीला फराळाच्या ऑर्डरी. घरच्या लोकांना वाटतं धंदेवाले महिनाभर तेच तेल ओढतात. सगळे तसे नसतात हे मनापासून सांगावंसं वाटतं. दिवसाला ५० लिटरच्या वर तेल लागणाऱ्या व्यावसायिकांना त्याची नोंद ठेवावी लागते आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यावं लागतं. माझा खप तेवढा नाही, तरी मी वही ठेवली आहे. पहिल्या दिवशी पुऱ्या, दुसऱ्या दिवशी वडे-भजी, मग ते तेल बाद. तिसऱ्या दिवसाला ठेवलं तर वड्याचा रंग बाहेरून आधी येतो आणि आतलं सारण गारच राहतं, गिऱ्हाईक बरोबर ओळखतं.

काळं तेल रोख पैसे देऊन न्यायला माणसं येतात. ते कुठं जातं हे विचारलं की उत्तर मिळत नाही. मी देत नाही. ते उद्या एखाद्या हातगाडीवर उकळत असेल आणि तिथं शाळेतली मुलं वडापाव खात असतील, हे डोळ्यांसमोर येतं.

टोकियो

इथं दुकानात तेल घट्ट करायची पूड मिळते. एरंडेलापासून केलेली असते. तळण झाल्यावर तेल गरम असतानाच ती मिसळायची, थंड झालं की तेलाची वडी होते. ती उचलून जळणाऱ्या कचऱ्यात टाकायची. मोरीत थेंबही ओतायचा नाही, याबाबतीत शेजारीपाजारी फार काटेकोर. जपानी घरांत तेल ठेवायचं खास भांडं असतं, वर जाळी, खाली साठा. इथंही तळताना आधी भाज्या, मग मासे असाच क्रम सांगतात. सोलापूरच्या सासूबाईंचा क्रम वाचून मला फार आनंद झाला. मी त्या भांड्यात फक्त साबुदाणा पापड, कुरडया आणि पुऱ्यांचं तेल ठेवते, कारण कुरडयांनी तेल जवळजवळ जसंच्या तसं राहतं. उडदाच्या पापडाचं नाही, त्याला लावलेलं पीठ जळतं.

डोंबिवली

आमच्या सोसायटीत तळमजल्याची चेंबर वरचेवर तुंबायची. उघडली की पाइपच्या आत पांढुरका मेणचट थर. प्रत्येक मजल्यावरून थोडं थोडं तेल मोरीत जात होतं, वर गरम पाणी ओततो म्हणून कुणाला काही वाटत नव्हतं. गरम पाण्यानं तेल फक्त पुढच्या वळणापर्यंत जातं, तिथं गार होऊन बसतं.

आता जिन्याखाली एक मोठा कॅन ठेवलाय. वापरून संपलेलं तेल ज्यानं त्यानं गार करून, गाळून त्यात ओतायचं. कॅन भरला की संकलक घेऊन जातो, त्याचं बायोडिझेल होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रानं ‘रुको’ नावाची योजना सुरू केली, तिच्यात अशा संकलकांची नोंदणी असते. त्यामुळे कॅन देण्याआधी त्याचा नोंदणीचा कागद बघून घ्यायचा. पुण्याच्या ताईंनी लिहिलेला धोका यानंच टळतो.

कढई धुण्याआधी वर्तमानपत्राच्या कागदानं पुसून घ्यायची, हा नियम सगळ्यांनी पाळला तेव्हा कुठे चेंबर मोकळी राहायला लागली. आणि कॅनमध्ये पाणी जाऊ देऊ नका. पाणी मिसळलेलं तेल बायोडिझेलला चालत नाही, एका घरानं कढईचं धुवण ओतलं तरी सगळा कॅन परत येतो. म्हणून आम्ही झाकणाला साखळीनं एक नरसाळं बांधलंय, त्यात जाळी बसवली आहे. कुणाला हवं असेल तर माप आणि फोटो पाठवतो.