नापास करण्याने भागाकार येतो का?

खडूफळा:
परवा इथे एका पालकांनी लिहिलं, "छडी गेली, नापास करणं गेलं, तिथेच पोरं बिघडली. पाचवी-आठवीची परीक्षा परत आली हे उत्तम, आता सगळ्याच वर्गांना लावा." खाली सगळ्यांनी 'अगदी बरोबर' लिहून टाकलं. दोन दिवस गप्प बसले, आज राहवलं नाही.

मी सोळा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवू नका असं होतं. तपासू नका असं कुठेही नव्हतं. उलट २०१० पासून आपल्याकडे तपासणी वाढली. पहिली-दुसरीला आकारिकचे, म्हणजे वर्गात वर्षभर चालणाऱ्या तपासणीचे, ७० गुण, संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे, ३०. निरीक्षण, तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशी आठ साधनं. कागदावर याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. बिघडलं ते पुढे.

आणि शिस्तीचं म्हणाल तर एकच सांगते. पाचवीतला एक मुलगा गृहपाठ आणायचा नाही. आठवडाभर त्याला दाराशी उभं केलं. मग एकदा त्याची वही हातात घेतली. शंभरपानी वही. पुढून गणित, मागून मराठी, आणि मधल्या पानावर दोन्ही येऊन भिडलेले. पानं पुरावीत म्हणून तो बारीक अक्षर काढायचा आणि मी लाल पेनाने 'अक्षर मोठे काढ' असा शेरा मारत होते, तोही चार ठिकाणी. वही संपली तसा गृहपाठ संपला. त्याला नापास करून मी काय शिकवणार होते?

सांगलीचा बाप:
ते मीच लिहिलं होतं आणि अजून त्यावर ठाम आहे. बाई, वहीची गोष्ट वाचून वाईट वाटलं, पण माझी पण ऐका. माझी मुलगी. तिसरी ते सातवी प्रगतिपुस्तकावर गणितात अ-२. अ-२ म्हणजे ८१ ते ९० टक्के. आठवीत तिला घरी बसवून ९१२ भागिले ८ करायला दिलं. मधलं शून्य-बिन्य काही नाही, साधा भागाकार. तिला सुरुवात कुठून करायची तेच माहीत नव्हतं. ती रडली, मी ओरडलो, बायको माझ्यावर ओरडली. पाच वर्षांत एका शिक्षकाने मला "हिला भागाकार येत नाही" एवढं सांगितलं नाही. नापास झाली असती तर चौथीतच कळलं असतं. आम्ही छड्या खाल्ल्या, आमचं काय वाकडं झालं?

निवृत्त मास्तर:
शेवटच्या वाक्यापुरतं बोलतो. मी एकतीस वर्षं नोकरी केली आणि पहिली पंधरा वर्षं मीही मारत होतो. भेटायला येणारे विद्यार्थी म्हणतात, "सर, तुमच्या मारामुळेच घडलो." बरीच वर्षं मला ते खरं वाटायचं. मग लक्षात आलं, जे घडले तेच भेटायला येतात. सातवीतून शाळा सोडून गेलेला एकही कधी आला नाही. कायद्याने मारावर बंदी घातली ते योग्यच केलं.

तिसरीची आई:
नापास-पास चालू द्या, पण ते प्रकल्प नावाचं प्रकरण कुणी सुरू केलं ते आधी सांगा! रात्री साडेदहाला मुलगी म्हणते, "आई, उद्या जलचक्र न्यायचंय." तिसरीची पोर. निळा कागद, कापूस, डिंक, सगळं मी शोधते, ती सोफ्यावर झोपून जाते. गेल्या वेळी ठरवलं, तिचं तिने करायचं. तिने स्वतः ढग काढले, बाण उलटे गेले, पण केलं तिने. मिळालं काय? ब-१. शेजारच्या मुलाने कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून छापील चित्रं कापून आणली, त्याला अ-१. ती मला विचारते, "मी दुकानातून का नाही आणलं?" यावर काय उत्तर देऊ?

सांगलीचा बाप:
ताई, शंभर टक्के. आमच्या इथे जून उजाडला की पवनचक्कीची तयार मॉडेलं टांगलेली असतात. थर्माकोलवर २०१८ ला बंदी आली, शाळेच्या प्रकल्पात मात्र अजून दिसतो.

खडूफळा:
ताई, तुमचा राग समजतो, पण सगळ्या शिक्षकांना एका दावणीला बांधू नका. फाईलमध्ये प्रकल्प नसेल तर मला विचारणा होते. मुलाला काय आलं हे कुणी विचारत नाही, फाईल भरली का ते विचारतात.

तिसरीची आई:
म्हणजे तुमची फाईल भरायला माझ्या मुलीने झोप सोडायची? बाई, हे तुम्ही स्वतः लिहिताय. तुम्हाला चुकीचं वाटतं तर मग घेता कशाला?

खडूफळा:
घेते कारण मी नोकरी करते! माझ्या वर्गात चौतीस मुलं. प्रत्येकाच्या प्रत्येक विषयाला वर्णनात्मक नोंद. वर मतदार यादीचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती. शिक्षकांच्या ग्रुपवर तयार नोंदींची पीडीएफ फिरते, 'परिसरातील घटकांची माहिती सांगतो', ती उतरवून काढतात. मीही दोन वर्षं उतरवली. त्याची लाज वाटते म्हणूनच इथे लिहितेय. घरी बसून आम्हाला बोल लावणं सोपं आहे.

तिसरीची आई:
मी घरी बसत नाही. बँकेत आठ तास काउंटरवर असते आणि तिथेही माणसं ओरडतात. पण न बघता सही करत नाही.

रात्रपाळी:
भांडू नका. माझा प्रश्न वेगळा आहे. शाळा गृहपाठ व्हॉट्सॲपवर टाकते संध्याकाळी सातला. घरात फोन एकच, तो माझ्यासोबत कंपनीत. सकाळी सहाला घरी येतो तेव्हा पोरगा उठून दप्तर भरत असतो. मग शेरा येतो, 'पालकांनी लक्ष द्यावे'. २०२० च्या दप्तर धोरणात स्पष्ट आहे, दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला दोन तास. मी ते छापून नेलं होतं. मॅडम म्हणाल्या, बाकीचे पालकच जास्त मागतात.

सांगलीचा बाप:
ते खरं आहे, मागतात. मीही मागितलाय. गृहपाठ कमी दिला की आम्हालाच वाटतं शाळा ढिली पडली.

निवृत्त मास्तर:
मूळ मुद्द्यावर या. पाचवीला नापास झालं तर पुरवणी मार्गदर्शन, मग फेरपरीक्षा, त्यातही नापास तर त्याच वर्गात. यातलं मार्गदर्शन नीट झालं तर परीक्षेला माझा विरोध नाही. ते झालं नाही तर पोर तोच धडा त्याच पद्धतीने दुसऱ्यांदा ऐकणार. सांगलीकर, तुमच्या मुलीला तिसरीत परत बसवून भागाकार आला असता?

सांगलीचा बाप:
माहीत नाही. तिला भागाकार शेवटी तिच्या मामाने शिकवला. चिंचोक्यांचे गठ्ठे करून, दिवाळीच्या सुट्टीत, चार दिवसांत. म्हणजे नापास न करता आला, हे मान्य करतो. पण मला वेळेत कळायला हवं होतं, ते मी सोडणार नाही. अ-२ देणाऱ्याने मला फसवलं.

खडूफळा:
हो, फसवलं. हे मी शिक्षिका म्हणून मान्य करते. पुढच्या महिन्यापासून माझ्या वर्गापुरतं करते. श्रेणी शासनाला, आणि प्रत्येक मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर पालकांसाठी एक ओळ, 'याला अमुक येत नाही'. पीडीएफमधली नाही, माझी. आणि प्रकल्प वर्गातच, माझ्यासमोर. फाईल जाड नाही झाली तर नाही झाली.

तिसरीची आई:
हे आमच्या शाळेत कोणी म्हटलं असतं तर मी एवढी बोललेच नसते. मघाशी फार जोरात बोलले, पण ब-१ चा राग गेलेला नाही.

रात्रपाळी:
आणि फोनचं?

खडूफळा:
दादा, शाळा सुटायच्या आधी दहा मिनिटं गृहपाठ फळ्यावर लिहून मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावायचा. पालकसभेत लेखी मागा, चारपाच जणांच्या सह्या घेऊन जा. एकट्याचा अर्ज बाजूला पडतो.

रात्रपाळी:
शनिवारी सुट्टी आहे. आमच्या गल्लीतलेच तिघं त्याच वर्गात आहेत, त्यांच्या घरी जाऊन येतो.