बोकडाचे कातडे घरी कमावताना केस का गळाले?

बजाजनगरकर:
नमस्कार. परदेशात लोक हरणाचे कातडे घरच्या अंगणात कमावतात, त्याचे व्हिडिओ पाहून मला या कामाची ओढ लागली. आपल्याकडे हरणाचा प्रश्नच येत नाही, म्हणून मे महिन्यातील एका रविवारी सकाळी मोमिनपुऱ्यातून बोकडाचे ताजे कातडे आणले. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते स्कूटरच्या डिकीत ठेवले, वाटेत दोन कामे उरकली आणि दुपारी दीडच्या सुमारास घरी पोचल्यावर दोन मुठी मीठ चोळून गच्चीवर उन्हात वाळत घातले. पाच दिवसांनी भिजवून तुरटी-मिठाच्या पाण्यात टाकले, तर पोटाकडचे केस चिमटीत येऊ लागले आणि उरलेला भाग वाळल्यावर पापडासारखा कडक झाला. केसांसकट बसायचे आसन करण्याचा बेत होता. तुरटीचे प्रमाण चुकले का? की बाभळीची साल वापरायला हवी होती? शिवाय आजोबांच्या देवघरात एक जुने मृगाजिन असून ते कडेला चिरत चालले आहे. हात थोडा बसला की त्याचीही दुरुस्ती करावी म्हणतो.

रापीवाला:
तुरटीचा यात दोष नाही. तुमचे कातडे डिकीतच गेले. नुकत्याच सोललेल्या कातड्यात जनावराच्या अंगाची ऊब असते, ती प्लास्टिकमध्ये कोंडली जाते आणि त्यात नागपूरचा मे महिना. कुजण्याची क्रिया केसांच्या मुळाशी लवकर सुरू होते, त्यामुळे कातडे वरून ठीक दिसत असतानाच केसांची पकड सुटलेली असते आणि ती कोणत्याही द्रावणाने परत येत नाही.

पुढच्या वेळी जाडे मीठ सोबत घेऊनच जा. घरी आल्याबरोबर कातडे गोल लाकडावर किंवा जाड पाइपवर पसरून, बोथट पात्याने मांसाची बाजू खरवडून काढा. निळसर-पांढरा पातळ पापुद्रा निघेपर्यंत खरवडावे लागते, कारण जिथे चरबी राहते तिथे बोट घसरते आणि तिथेच मीठ आत शिरत नाही. मीठ कातड्याच्या वजनाच्या साधारण निम्मे, म्हणजे दोन किलोच्या कातड्याला एक किलो लागते. उतरत्या फळीवर सावलीत ठेवा, दुसऱ्या दिवशी सुटलेले पाणी निथळवून नवे मीठ लावा. कडक उन्हात वरचा थर आधीच आवळतो आणि आतली ओल तशीच कुजत राहते. खरे तर हे काम दिवाळीनंतर, थंडीत काढावे.

कडकपणाचे म्हणाल, तर तुरटीचे कातडे नुसते वाळवले की ताठच होते. ते अर्धवट ओले असताना, घडी घातल्यावर घडीवर पांढरी रेघ उमटू लागली की फळीच्या काठावरून मागेपुढे ओढायचे, आणि पूर्ण सुकेपर्यंत ओढतच राहायचे. त्याआधी मांसाच्या बाजूला अंड्याचा बलक आणि थोडे तेल चोळतात. खांदे भरून येतात, पण त्याला दुसरा उपाय नाही.

सिव्हिललाइन्सवाले:
मृगाजिनाला कृपया हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे हरीण आपोआप मेलेले असले तरी त्याचे कातडे सरकारी मालमत्ता ठरते, त्यामुळे पेंचच्या वाटेवर काही पडलेले दिसले तरी ते उचलण्याचा मोह टाळावा. घरातील जुन्या वस्तू जाहीर करण्यासाठी 2003 मध्ये 180 दिवसांची मुदत दिली होती. आजोबांच्या कागदपत्रांत मालकीचे प्रमाणपत्र आहे का, हे आधी शोधा. नसेल तर वनभवनात जाऊन विचारा. प्रमाणपत्र असले तरी वस्तू विकता किंवा भेट देता येत नाही, ती फक्त वारसाने पुढे जाते.

बजाजनगरकर:
दोघांचेही आभार. कागदपत्रे शोधतो. आसनासाठी तुरटीच ठेवावी, की साल?

इतवारीकर:
केस ठेवायचे असतील तर तुरटी. मात्र ते आसन पाण्याने कधीच धुवू नका, कारण तुरटी धुऊन निघते आणि आत कच्चे कातडेच उरते. साल वापरून पिशवी किंवा पट्टा करा. त्यासाठी चुन्याच्या पाण्यात पाच-सहा दिवस ठेवून केस काढावे लागतात (हातमोजे आणि चष्मा हवाच), मग भरपूर धुऊन कोंड्याच्या आंबवलेल्या पाण्यात चुना उतरवावा लागतो.

कोल्हापुरी चपलेचे चामडे ज्या बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात, तीच सामग्री आपल्यालाही चालते. हिरडा इतवारीत काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. पहिला काढा चहासारखा फिका ठेवा आणि दर काही दिवसांनी गडद करत न्या. घाईने एकदम गडद काढ्यात टाकले, तर बाहेरचा थर कमावला जाऊन आवळतो आणि रस आत जात नाही. भांडे प्लास्टिकचेच घ्या. मी पहिल्यांदा लोखंडी घमेले वापरले होते, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या कातड्यावर शाई सांडल्यासारखे निळे-काळे डाग पडले होते. मिठाचे आणि चुन्याचे पाणी कुंड्यांत ओतू नका. आमचा कढीपत्ता त्यातच गेला.

बोकडाच्या पातळ कातड्यालाही तीन-चार आठवडे धरून चाला. झाले की नाही हे पाहण्यासाठी मानेकडची जाड कड किंचित कापून बघा; मधोमध फिकट रेघ दिसली तर कातडे पुन्हा काढ्यात टाका.