प्लाझ्मातली लाट नेहमी विरतेच असं नाही

प्लाझ्मा म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉन आणि आयनांचा (भारित अणूंचा) वायू. ‘प्लाझ्मातली लाट शेवटी पसरून विरतेच’ असं म्हटलं जातं, पण ते बुटक्या लाटेपुरतं खरं आहे. उंची वाढली की माथा पायथ्यापेक्षा जोरात धावतो आणि लाट पुढून खडी होते; उलट अपस्करण, म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या लहरींनी वेगवेगळ्या वेगाने जाणं, तिला पसरवू पाहतं. दोन्हींचा तोल जमला की सॉलिटॉन, म्हणजे आकार न बदलता धावणारी एकटी लाट! आयन-ध्वनी लाटांसाठी (प्लाझ्मातल्या आवाजासारख्या लाटांसाठी) वाशिमी-तानिउती या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये हे गणिताने दाखवलं, १९७० मध्ये ते प्रयोगशाळेतही दिसलं.

चुंबकीय क्षेत्र आलं की खरी रंगत. भारित कण बलरेषांभोवती गिरक्या घेतात, त्यामुळे रेषेच्या दिशेचा आणि आडवा प्रवास सारखा राहत नाही. अशा चुंबकीय प्लाझ्मातल्या लाटांचं वर्णन करणाऱ्या झाखारोव्ह-कुझ्नेत्सोव्ह समीकरणात (१९७४) सपाट सॉलिटॉन आडव्या धक्क्याने मोडतो आणि त्याचे गोळे बनतात. मला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

आपल्या पुणेकरांना तर हे जवळचंच. सूर्यावरून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या झोतामुळे प्लाझ्मालहरी उठतात आणि त्यांच्या अरेषीय (साध्या बेरजेपलीकडच्या) देवघेवीतून रेडिओलहरी निघतात. घन सेंटिमीटरला १०० कोटी इलेक्ट्रॉन असतील, तर प्लाझ्मालहरींची वारंवारिता सुमारे २८५ मेगाहर्ट्झ, म्हणजे नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या टप्प्यातली.