क्युबा: हॉटेलं लष्कराची, रांगा लोकांच्या

बारामाही (धागाकर्ता)

राजधानी हवानाच्या वेदादो भागात २०२५ मध्ये ४२ मजली हॉटेल उघडलं. मालक गाविओता, म्हणजे लष्कराच्या 'गाएसा' या उद्योगसमूहाची पर्यटन कंपनी. चालवायला स्पॅनिश मंडळी. ठीक आहे, पण राहणार कोण? २०१८ मध्ये ४७ लाख पर्यटक आले होते, २०२४ मध्ये जेमतेम २२ लाख. त्याच २०२४ च्या सप्टेंबरात पीठ नाही म्हणून रेशनचा पाव ८० ग्रॅमवरून ६० वर आला, ऑक्टोबरात अख्ख्या देशाची वीज गेली. हॉटेलाचं बांधकाम मात्र थांबलं नाही.

गाएसाकडे काय काय आहे? हॉटेलं, डॉलरची दुकानं, पेट्रोल पंप, मारिएल बंदराचा कारभार, परदेशातून येणाऱ्या पैशांचा व्यवहार. माणसाला पगार मिळतो पेसो या तिथल्या चलनात; २०२४ मध्ये किमान २१०० महिना. त्याच वर्षी खुल्या बाजारात तीस अंड्यांच्या ट्रेला तीन हजारांच्या आसपास पडत होते. रेशनवर न मिळालेलं तेल-साबण हवं तर डॉलरच्या दुकानात जा. डॉलर धाडणार अमेरिकेत मियामीला गेलेली मावशी, गल्ला भरणार लष्कराचा. आणि हे म्हणे कामगारांचं राज्य!

रमाबाई

अर्धीच गोष्ट सांगितलीत. १९६२ पासून अमेरिकेची नाकेबंदी आहे. १९९६ च्या हेल्म्स-बर्टन कायद्याने क्युबाशी धंदा करणाऱ्या तिसऱ्या देशांच्या कंपन्यांनाही धाक घातला. मावशीच्या डॉलरचं म्हणाल, तर २०२० मध्ये निर्बंधांपायीच पैसे पोचवणाऱ्या वेस्टर्न युनियनला तिथली शेकडो केंद्रं बंद करावी लागली. नुकसान लष्कराचं झालं की भाच्याचं?

आणि लष्कर धंद्यात एवढं खोल शिरलं ते हौसेने नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तेल आटलं, साखरेचं गिऱ्हाईक गेलं. सैन्याला सांगावं लागलं, तुमचं तुम्ही कमवा. त्यांचे उद्योग बाकी सरकारी कारखान्यांपेक्षा बरे चालले, म्हणून पुढे आणखी सोपवले.

बारामाही

ताई, नाकेबंदी आहेच, नाही कोण म्हणतंय? पण २००० पासून अमेरिका क्युबाला अन्नधान्य विकू शकते, रोख मोजून. तिथली कोंबडी बरीचशी अमेरिकेतूनच येते. मग प्रश्न रोकड कुठे जाते हाच उरतो. २०२४ मध्ये लहान मुलांच्या दुधाच्या भुकटीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमापुढे हात पसरावे लागले, आणि सरकारी गुंतवणूक हॉटेलांत शेतीच्या कित्येक पट!

कडूकारले

दोघांशीही असहमत. लष्कराने धंदा करणं हे मूळ दुखणं नाहीच. व्हिएतनामची व्हिएटेल ही बलाढ्य मोबाइल कंपनी संरक्षण खात्याची आहे. तरी तिथली गरिबी झपाट्याने घटली, कारण ऐंशीच्या दशकाअखेर शेतकऱ्याला स्वतःचा भात विकायची मोकळीक मिळाली. पाकिस्तानात लष्कराशी जोडलेलं फौजी फाउंडेशन खतं विकतं, तिथे कुठे कम्युनिझम आहे? चीनने १९९८ मध्ये लष्कराला धंदे सोडायला लावले, ते पक्षाला तसं वाटलं म्हणून.

क्युबात अडलंय ते हिशेबावर. मे २०२४ मध्ये महालेखापाल ग्लादिस बेहेरानो यांनी एका स्पॅनिश वृत्तसंस्थेला सांगितलं की गाएसा आपल्या तपासणीच्या कक्षेत येत नाही. २००९ पासून पदावर असलेल्या बाई त्याच वर्षी पायउतार झाल्या. आपल्याकडे कॅगचा अहवाल धूळ खातो खरा, पण निदान सभागृहात येतो तरी.

उंटावरचा शहाणा

+१ कडू. जुलै २०२५ मध्ये तिथल्या कामगारमंत्री मार्ता एलेना फेइतो संसदेत म्हणाल्या, भिकारी नाहीतच, भिकाऱ्याचं सोंग घेतलेले लोक आहेत. लोक इतके खवळले की बाईंना खुर्ची सोडावी लागली. हॉटेलं बांधणाऱ्यांपैकी कुणी सोडली का?

रमाबाई

मंत्रीणबाईंचं समर्थन कोण करतंय? पण हिशेब झाकायला कारण आहे. २०१७ पासून अमेरिका लष्कराशी जोडलेल्या कंपन्यांची काळी यादी काढते. नाव कळलं की व्यवहार बंद. कोणता शहाणा अशा वेळी वह्या उघड्या टाकेल?

कडूकारले

अमेरिकेपासून झाका की, ते समजू शकतो. स्वतःच्या महालेखापालांपासून कशाला?